ऑस्ट्रेलियाच्या माळावरच्या एकट्या कबरी

रानजाई
नवऱ्याच्या खाणीतल्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं ब्रोकन हिलला आहोत. न्यू साऊथ वेल्सचं पार पश्चिमेचं टोक. गाव सोडून अर्धा तास गाडी हाकली की लाल माती, खुरटी झुडपं आणि वर नुसतं आभाळ. इथं फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते, तिच्याविषयी लिहावं असं कधीचं मनात होतं. ती म्हणजे कबरी. दफनभूमीतल्या नव्हेत, रस्त्यापासून शंभर पावलांवर, ओढ्याच्या काठी, एखाद्या झाडाखाली एकेकट्या असलेल्या. दगडांची रास, कधी भोवती मुल्गाच्या लाकडाचं कुंपण. हे लाकूड इतकं टणक की वाळवीही सहसा त्याच्या वाटेला जात नाही. एका कबरीवर टिनाचा पत्रा होता, त्यावर खिळ्यानं टोचून टोचून अक्षरं काढलेली. गंज चढला होता. बोट फिरवलं तेव्हा एक 'ए' आणि एक 'एम' लागला. बाकी काही नाही.

उत्तरेला तीनएकशे किलोमीटरवर मिलपरिंका नावाचं जवळजवळ ओस पडलेलं गाव आहे. त्याच्याजवळ डेपो ग्लेन. तिथं जेम्स पूल पुरला आहे. त्याची गोष्ट सांगते, कारण माझ्या डोक्यात हा सगळा विषय तिथून सुरू झाला.

चार्ल्स स्टर्ट हा कॅप्टन १८४४ साली ॲडलेडहून निघाला. (जन्म बंगालमधला, बाप कंपनी सरकारच्या नोकरीत.) ऑस्ट्रेलियाच्या पोटात मोठा समुद्र असणार अशी त्याची खात्री होती, म्हणून सोबत चक्क बोट घेतलेली. सोळा माणसं, दोनशे मेंढ्या, बैल, घोडे आणि ती बोट! जानेवारी १८४५ मध्ये डेपो ग्लेनच्या डोहाशी पोचले आणि तिथंच अडकले. पुढं पाणी नाही, मागचंही आटलेलं. सहा महिने. स्टर्टनं लिहून ठेवलंय की पेन्सिलीतलं शिसं गळून पडायचं, टाकातली शाई कागदावर टेकायच्या आत सुकायची, मेंढ्यांची लोकर वाढायची थांबली, माणसांची नखं काचेसारखी तडकायची. उन्हातून सुटायला जमिनीखाली खोली खणून दिवस काढले.

पूल हा त्याचा दुय्यम. त्याला स्कर्व्ही झाला. ताजी भाजी-फळं नाहीत, हिरड्या सुजलेल्या, पायांचे स्नायू आखडलेले. रिकामं बसून माणसं खचतील म्हणून स्टर्टनं त्यांना जवळच्या टेकडीवर दगडांचा मनोरा रचायला लावलं. जुलैत पाऊस आला. पूलला गाडीत निजवून ॲडलेडकडे रवाना केलं आणि दोनच दिवसांत, १६ जुलैला, वाटेत तो गेला. प्रेत परत डेपो ग्लेनला आणलं, ग्रेव्हिलियाच्या एका झाडाखाली पुरलं आणि खोडावर कोरलं: जे. पी. १८४५. स्टर्टला नंतर फार लागून राहिलं की आपण जो मनोरा रचवत होतो ते पूलचं स्मारक होतं, हे तेव्हा आपल्याला कळलं नाही. त्या टेकडीला आज माऊंट पूल म्हणतात.

पाऊस पडला आणि मग माणूस गेला. मला हेच राहून राहून आठवतं.

तुम्हाला कुणाला अशा कबरींबद्दल माहिती असेल, कुणी ऑस्ट्रेलियात फिरताना पाहिल्या असतील, तर इथं लिहा.

काजवा
छान धागा. वाचताना घसा कोरडा पडला. एक शंका: इतक्या दूर एकटं पुरण्यापेक्षा जवळच्या गावी का नेत नसत?

रानजाई
काजवा, गावच नसायचं हो. जवळचं गाव म्हणजे बैलगाडीनं आठ-दहा दिवस, कधी महिना. आणि उन्हाळ्यात प्रेत संध्याकाळपर्यंतही ठेवता यायचं नाही. जिथं गेला तिथंच, त्याच दिवशी. पाद्री नाही, सुतार नाही. खोकी मोडून पेटी करायची, नाहीतर अंगावरच्या घोंगडीत गुंडाळायचं. वर दगड रचायचे ते शोभेला नाही, डिंगो, म्हणजे इथले रानकुत्रे, उकरतात म्हणून.

इथं जुन्या लोकांच्या बोलण्यात एक शब्द आहे, 'पेरिश्ड'. तहानेनं गेलेल्यासाठी खास. नुसतं 'वारला' असं म्हणत नाहीत.

भटकभवानी
बर्क आणि विल्सची मोहीम यात येईलच ना? शाळेत असताना कुठंतरी 'खणा' असं कोरलेल्या झाडाची गोष्ट वाचली होती, पण पुढचं मागचं आठवत नाही. शिवाय त्यांच्याबरोबर हिंदुस्थानातून उंट गेले होते असं ऐकलंय, खरं का?

रानजाई
भटकभवानी, अगदी खरं. आणि त्यात आपला धागाही आहे. लँडेल्स नावाच्या माणसानं चोवीस उंट कराचीहून जहाजात चढवले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे कराची आणि आपलं मुंबई एकाच गव्हर्नरच्या हाताखाली. उंटांबरोबर माणसं आली: दोस्त महंमद, एसाव खान, बलुच आणि समला. समला हिंदू होता. तंबूतलं मांसाचं जेवण त्याला चालेना, म्हणून थोड्याच दिवसांत मोहीम सोडून गेला. जॉन किंग नावाचा आयरिश पोरगाही हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणीतून सुटून उंटांबरोबरच आलेला. त्याचं नाव लक्षात ठेवा.

ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत पार करायची ही मोहीम. २० ऑगस्ट १८६० ला मेलबर्नहून निघाले तेव्हा हजारोंची गर्दी लोटली होती. कूपर क्रीकवर तळ टाकला. तिथून म्होरक्या बर्क, विल्स, किंग आणि चार्ल्स ग्रे असे चौघं उत्तरेच्या समुद्राकडे गेले. तळावर ब्राहे, पॅटन, मॅक्डोना आणि आपला दोस्त महंमद वाट बघत राहिले. चार महिने!

परतीच्या वाटेवर ग्रेनं चोरून पीठ खाल्लं म्हणून बर्कनं त्याला मारलं. तो आजारी असल्याचं सांगायचा, ते त्यांना ढोंग वाटलं. १७ एप्रिल १८६१ च्या सकाळी तो मेला. तिघांच्या अंगात इतकी कमी ताकद उरली होती की हातभर खड्डा खणायला अख्खा दिवस गेला. चार दिवसांनी, २१ एप्रिलच्या संध्याकाळी ते कूपर क्रीकच्या तळावर पोचले. ब्राहेची माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. राख अजून गरम. कूलिबाच्या झाडावर 'खणा' कोरलेलं, खाली पुरलेलं थोडं अन्न.

ग्रेला पुरण्यात गेलेला तो एक दिवस. मारला त्याला, ढोंगी म्हटलं, पण न पुरता टाकून गेले नाहीत. आणि पुरायला गेलेल्या वेळानं त्यांचा जीव घेतला. ग्रेची कबर नक्की कोणती, यावर अजून वाद आहे.

नाडीपरीक्षा
या मोहिमेतलं मला सर्वात चटका लावणारं प्रकरण नार्डूचं. थोडं वैद्यकीय लिहितो.

नार्डू ही पाण्याकाठी उगवणारी, चार पानांची नेचेवर्गीय वनस्पती. तिच्या बीजाणूंच्या शेंगा कुटून पीठ करतात. तिथल्या यांद्रुवांद्रा लोकांनी या तिघांना मासे आणि नार्डूच्या भाकऱ्या खाऊ घातल्या. मग बर्कनं त्यांच्याशी बिघडवलं, लोक दूर गेले, आणि हे तिघं आपणच नार्डू कुटून खाऊ लागले. पोटभर खात होते आणि वाळत होते. विल्सनं डायरीत लिहिलंय की नार्डूवरची उपासमार तशी काही फार वाईट नाही, फक्त अशक्तपणा येतो आणि अंग हलवता येत नाही. हे मरायच्या काही दिवस आधीचं लिखाण आहे.

आज बऱ्याच जाणकारांचं मत असं की नार्डूत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते जीवनसत्त्व ब१ नष्ट करतं. म्हणजे बेरीबेरी. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा तोच रोग, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला. यांद्रुवांद्रा बायका पीठ भरपूर पाण्यात कालवून, विशिष्ट पद्धतीनं तयार करायच्या. त्या रीतीनं विषाचा जोर कमी व्हायचा असं मानतात. पद्धत न शिकता फक्त पदार्थ उचलला, तिथं घात झाला.

रानजाई
नाडीपरीक्षा, उत्तम लिहिलंत. शेवट मी सांगते. जून १८६१ च्या अखेरीस विल्सला थोडं नार्डू देऊन डोहाशी ठेवलं आणि बर्क-किंग लोकांना शोधायला निघाले. दोन दिवसांत बर्क गेला. त्याची इच्छा होती की हातात पिस्तूल द्यावं आणि आपल्याला न पुरता तसंच ठेवावं. किंग परत आला तर विल्सही गेलेला. त्यानं जमेल तेवढी वाळू अंगावर लोटली. मग यांद्रुवांद्रा लोकांकडे गेला. त्यांनी त्याला अडीच महिने सांभाळलं, सप्टेंबरमध्ये शोधायला आलेल्या हॉविटच्या तुकडीला तो सापडला तो जिवंत होता त्यांच्यामुळे.

बर्क-विल्सची हाडं नंतर मेलबर्नला नेली. २१ जानेवारी १८६३ ला सरकारी इतमामानं अंत्ययात्रा, प्रचंड गर्दी. पण मोहिमेत एकूण सात जण गेले. लुडविग बेकर हा चित्रकार आणि निसर्ग अभ्यासक बुलू नदीकाठी मेला, स्कर्व्ही आणि हगवणीनं. आजारातही पक्षी, सरडे, वनस्पतींची चित्रं काढत होता. तो तिथंच आहे. त्याला आणायला कुणी गेलं नाही.

काळवीट
धागा चांगला चाललाय, पण एक खटकतंय ते बोलतो. आपण सगळे गोऱ्यांच्याच कबरी मोजतोय. त्यांना 'एकाकी' म्हणतोय, पण त्या माळावर आधीपासून माणसं राहत होती ना? डेपो ग्लेन, कूपर क्रीक, ही कुणाची तरी गावंच होती. ज्यांची जमीन गेली, पाणी गेलं, जी मारली गेली, त्यांच्या कबरी कुठं आहेत?

मी ॲलिस स्प्रिंग्जला दोन वर्षं कामाला होतो. उत्तरेला बॅरो क्रीकचं जुनं तारघर आहे. २२ फेब्रुवारी १८७४ ला तिथल्या कायटिच आदिवासींनी त्यावर हल्ला केला. तारमास्तर जेम्स स्टेपल्टन आणि लाइनमन जॉन फ्रँक्स गेले. स्टेपल्टन जखमी होऊन दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होता. ॲडलेडच्या तारघरात त्याच्या बायकोला आणून बसवलं आणि त्यानं तारेवरून तिचा निरोप घेतला. वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते नाकारत नाही. दोघांच्या कबरी तारघराशी आहेत, कुंपणासकट, नावासकट.

पण त्यानंतर पोलिसांच्या टोळ्या कित्येक आठवडे कायटिच माणसं टिपत फिरल्या. तिथं एका ओढ्याचं नाव आज 'स्कल क्रीक' आहे. कवटीचा ओढा. तिथं एकही नाव नाही.

सांजवेळ
काळवीट, +१. तारेबद्दल एक भर: ही तीच ॲडलेड ते डार्विन ओव्हरलँड टेलिग्राफ, १८७२ साली पुरी झालेली. डार्विनहून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास, मग मुंबई आणि पुढं सुएझ करत लंडन. ॲडलेडची बातमी लंडनला जाताना आपल्या मुंबईतून जायची. आमच्या घराजवळच्या संग्रहालयात त्या तारेचा तुकडा बघितलाय, करंगळीपेक्षा बारीक.

रानजाई
काळवीट, तुमचं खरं आहे आणि मी पहिल्याच पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं. कॉनिस्टनच्या हत्याकांडाचं मी इथं आल्यावर वाचलं. ऑगस्ट १९२८ मध्ये युर्रकुरू या झऱ्याशी फ्रेड ब्रूक्स हा डिंगोंचा शिकारी मारला गेला. त्याची कबर तिथं आहे. त्यानंतर कॉन्स्टेबल मरे आणि त्याच्याबरोबरच्या लोकांनी वार्लपिरी, अनमाटियर आणि कायटिच माणसांना ठिकठिकाणी गाठून मारलं. सरकारी आकडा ३१. लोकांच्या आठवणीतला याच्या दुपटीहून जास्त. एका माणसाची कबर आणि समोर एवढी माणसं, बायका-पोरं धरून, एकाचाही दगड नाही. २००३ मध्ये तिथं स्मारक उभं राहिलं आणि २०१८ साली, नव्वद वर्षांनी, नॉर्दर्न टेरिटरीच्या पोलीस आयुक्तांनी तिथं जाऊन माफी मागितली.

पण मला एवढंच म्हणायचंय की तहानेनं मेलेल्या एखाद्या विशीतल्या पोराचं दुःख यानं खोटं ठरत नाही. दोन्ही एकाच मातीत आहेत. मला दोन्ही सांगायची आहेत.

काळवीट
मान्य. मग जॉन फ्लिनच्या दगडाचं पण सांगतो, कारण ते याच विषयाचं आहे. फ्लाइंग डॉक्टर सेवा सुरू करणारा पाद्री तो. १९५१ मध्ये वारला, ॲलिस स्प्रिंग्जबाहेर त्याचं थडगं आहे. त्यावर ठेवायला कार्लू कार्लूहून, म्हणजे डेव्हिल्स मार्बल्सहून, एक प्रचंड गोल शिळा आणली. ती तिथल्या कायटिच आणि वारुमुंगू बायकांच्या श्रद्धेतली जागा. कुणी विचारलंच नाही. बायका पंचेचाळीस वर्षांवर ती परत मागत राहिल्या. शेवटी १९९९ मध्ये शिळा परत गेली आणि अरेंटे लोकांनी आपल्या भूमीतली दुसरी शिळा फ्लिनसाठी दिली. आज त्याच्या थडग्यावर आहे ती दिलेली. मी तिथं उभा राहिलोय. हात लावला तर उन्हानं तापलेली होती.

अबोली_पर्थ
मी पश्चिमेकडची. इथं सोन्यानं माणसं मारली. १८९२ ला कूलगार्डी, १८९३ ला कालगुर्ली. हजारो तरुण पोरं हातगाड्या ढकलत आली आणि पाणीच नाही. खाऱ्या तळ्यांचं पाणी उकळून, वाफ थंड करून विकायचे. आंघोळ, हात धुणं कुठलं? टायफॉईडनं पोरं पटापट गेली. कूलगार्डीच्या दफनभूमीत ओळीच्या ओळी, बऱ्याच बिननावाच्या. घरी आईला पत्र यायचं थांबलं की तेवढ्यावरून समजायचं. जानेवारी १९०३ मध्ये साडेपाचशे किलोमीटरहून लांब नळानं कालगुर्लीला पाणी पोचलं. ज्यानं ते आखलं त्या सी. वाय. ओकॉनर यांनी लोकांच्या टीकेनं खचून आदल्या वर्षी जीव दिला होता.

याच कूलगार्डीत अर्नेस्ट जाइल्स पुरलाय. पश्चिमेची वाळवंटं पालथी घातलेला माणूस, म्हातारपणी तिथल्या कचेरीत कारकुनी करता करता न्यूमोनियानं १८९७ ला गेला. त्याच्या मोहिमेतल्या आल्फ्रेड गिब्सनची गोष्ट मी विसरू शकत नाही. एप्रिल १८७४. दोघंच पुढं गेलेले, गिब्सनचा घोडा मेला, एकच घोडी उरली. जाइल्सनं ती गिब्सनला दिली. सांगितलं, आलेल्या खुरांच्या खुणा सोडू नकोस, तळावर जा आणि मदत पाठव. आपण पायी निघाला, वाटेत टांगून ठेवलेलं पाण्याचं पिंप खांद्यावर घेऊन. दिवसचे दिवस चालला. भुकेनं इतका वेडापिसा झाला की वाटेत सापडलेलं वॉलबीचं, म्हणजे छोट्या कांगारूचं, मरायला टेकलेलं पिल्लू कातडी-हाडांसकट कच्चं खाल्लं. तळावर पोचला तर गिब्सन आलेलाच नव्हता. तो खुणा सोडून भलतीकडे वळला होता. कधीच सापडला नाही. जाइल्सनं त्या सगळ्या प्रदेशाला त्याचं नाव दिलं, नकाशात बघा, गिब्सन डेझर्ट.

काजवा
अबोली, ती वॉलबीची ओळ वाचून थांबले. मुलगा शेजारी अभ्यास करत होता, त्याला नकाशा काढून दाखवला.

नाडीपरीक्षा
फ्लिनचा उल्लेख झालाच आहे तर जिमी डार्सीला विसरू नका. १९१७, हॉल्स क्रीक. गुराखी, वय २९, घोड्यावरून पडून आतून जखमी. दोस्तांनी गाडीत घालून बारा तासांनी पोस्टमास्तर टकेटकडे आणला, कारण त्यानं प्रथमोपचाराचे धडे घेतले होते. टकेटनं पर्थच्या डॉक्टरला तार केली. डॉक्टर तारेवरून सांगतोय आणि हा खिशातल्या चाकूनं मूत्राशयाची शस्त्रक्रिया करतोय. भूल नाही. जंतुनाशक म्हणून पोटॅशियम परमँगनेट, आपल्या विहिरीत टाकतात तेच. शस्त्रक्रिया साधली! डॉक्टर बोटीनं, मग फोर्ड गाडीनं, मग घोडागाडीनं आणि शेवटी पायी असा हजारो किलोमीटर आला. डार्सी आदल्या दिवशी गेला होता, मलेरिया आणि पोटातल्या गळवानं. ही बातमी देशभर गाजली. मे १९२८ मध्ये क्लॉनकरीहून फ्लाइंग डॉक्टरचं पहिलं विमान उडालं, त्यामागं हे मरण होतं. माझ्या व्यवसायात मी टकेटला फार मान देतो.

वाटाड्या
मी साऊथ ऑस्ट्रेलियात ट्रक चालवतो. बाहेरून येणाऱ्यांनी हा धागा नुसता इतिहास म्हणून वाचू नये. बर्ड्सव्हिल ट्रॅकच्या बाजूला १९६३ ची एक कबर आहे. इंग्लंडहून आलेलं कुटुंब, आई, बाप आणि तीन मुलगे. नाताळच्या दिवसांत वाट चुकली, पेट्रोल संपलं, गाडी सोडून चालत निघाले. पाचही एका खड्ड्यात. क्रूसावर आडनाव आणि 'पेरिश्ड'.

गाडी बंद पडली तर गाडी सोडू नका. गाडी वरून दिसते, माणूस दिसत नाही. माणशी दिवसाला दहा लिटर पाणी धरा, दोन सुटी चाकं, सॅटेलाइट फोन. कुठं चाललोय आणि कधी परतणार हे निघताना कुणालातरी सांगून जा.

बाकी मारी नावाच्या गावी गेलात तर तिथली दफनभूमी बघा. तीन भाग आहेत: गोऱ्यांचा, आदिवासींचा आणि उंटवाल्यांचा. बलुचिस्तान, पंजाब, सिंध, अफगाणिस्तान, कुठून कुठून आलेले हे लोक, सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे. तार त्यांच्या उंटांवर गेली, रेल्वेचं सामान त्यांच्या उंटांवर गेलं, खाणीतल्या लोकांचं पीठ-पाणी त्यांच्या उंटांवर आलं. आणि मेल्यावर वेगळा कोपरा.

भटकभवानी
रानजाई, दोस्त महंमदचं पुढं काय झालं? तो तळावर चार महिने थांबला होता ना?

रानजाई
भटकभवानी, त्याच्यापाशी मी गेले आहे. मोहिमेनंतर एका माजावर आलेल्या उंटानं त्याचा हात चावून कायमचा निकामी केला. उंटवाल्याचा हातच गेला. मग तो परत मायदेशी गेलाच नाही, मेनिंडीत राहिला, तिथंच मेला. गावाबाहेर, ब्रोकन हिलच्या रस्त्याजवळ त्याची कबर आहे. आम्ही गेलो तेव्हा सासूबाई सोबत होत्या, साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "ह्याच्या घरी कुणी कळवलं असेल का गं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकणात थोडं पाणी घेतलं आणि डोक्याच्या बाजूला मातीवर सोडलं. तीन वेळा. माती एवढी तापलेली की प्रत्येक वेळी पाणी दिसतं न दिसतं तोच गडप.

वाटाड्या, तुमची यादी छापून गाडीत लावलीय. शनिवारी परत मिलपरिंकाला निघतोय, पूलच्या झाडावरची अक्षरं नीट उजेडात बघायला. चाळीस लिटर पाणी भरून ठेवलंय, शेजाऱ्यांना वार आणि रस्ता सांगितलाय. तिकडं नेटवर्क नसतं. सोमवारी आले की फोटो टाकते.